ट्यूब देण्याआधी

गजकर्णाचा पेशंट मेडिकलमध्ये आला, की हात-पाय पुढे करून ‘हे काय आहे बघा’ असं तो क्वचितच म्हणतो. तो मोबाइलवर एका ट्यूबचा फोटो दाखवतो आणि म्हणतो, ‘हीच द्या.’ सोलापुरात पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांपासून होटगी रोडच्या सोसायट्यांपर्यंत हे सारखंच आहे. कुणी नायटा म्हणतं, कुणी दाद. तेलुगू बोलणाऱ्या मावशी तामर म्हणतात, कन्नड बोलणारे अण्णा हुळुकड्डी म्हणतात, आणि बरेच जण नुसतं ‘खाजेचं औषध’ मागतात. मागणी कशीही येवो, ट्यूब हातात देण्याआधी एक प्रश्न विचारायचाच: ‘आतापर्यंत काय काय लावलं?’

हे लिहितोय ते मुख्यतः काउंटरमागे उभ्या असलेल्या तरुण फार्मासिस्ट मुलामुलींसाठी. पण ज्यांच्या घरात गजकर्ण वर्षभर फिरतंय, एकाचं बरं झालं की दुसऱ्याला होतंय, त्यांनीही वाचावं. काउंटरच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट माहीत असेल, तर हे दुखणं आटोक्यात येतं.

त्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येतं ते ‘मिक्स ट्यूब’चं. या ट्यूबमध्ये बुरशी मारणारं एक औषध असतं, एखाद-दुसरं प्रतिजैविक असतं आणि सोबत एक जोरदार स्टेरॉइड असतं. गजकर्ण बुरशीमुळे होतं, त्यामुळे प्रतिजैविकाचा त्यात काही उपयोग नाही. स्टेरॉइड मात्र लगेच काम करतं. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, पेशंट खूश होतो आणि ट्यूब बाजूला ठेवतो. बुरशी मात्र जिवंत असते. खाज आणि लाली ही त्वचेची बुरशीविरुद्धची झुंज होती, ती स्टेरॉइडने थांबवलेली असते. मोकळं रान मिळालेली बुरशी पसरते. आठ-पंधरा दिवसांत खाज दुपटीने परत येते, पेशंट पुन्हा तीच ट्यूब नेतो, कारण ‘तिनेच फरक पडला होता’. वर्षभर असं चाललं की कमरेवरचं एक रिंगण पाठ, मांड्या, काखा आणि चेहऱ्यापर्यंत गेलेलं असतं.

याचे आणखी दोन परिणाम काउंटरवर डोळ्यांनी दिसतात. पहिला म्हणजे चट्ट्याचं रूप बदलतं. ठळक काठ पुसट होतो, रिंगणात आणखी एक रिंगण उमटतं, मध्येच पुटकुळ्या येतात, आणि अनुभवी माणसालाही हे नक्की काय आहे ते चटकन कळत नाही. १९६८ साली दोन ब्रिटिश डॉक्टरांनी या वेश बदललेल्या गजकर्णाला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असं नाव दिलं. दुसरा परिणाम म्हणजे त्वचा पातळ होते. जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला, बाळंतपणानंतर पोटावर उमटतात तशा रेघा उमटतात. गजकर्ण पुढे बरं होतं, पण या रेघा जन्मभर राहतात. विशी-बाविशीतल्या मुलांच्या जांघेत त्या पाहिल्या की वाईट वाटतं, कारण त्या पूर्णपणे टाळता आल्या असत्या. लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. त्यांच्या त्वचेतून स्टेरॉइड अंगात अधिक शोषलं जातं.

कायदा याबाबत गप्प नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राजपत्रात अधिसूचना काढली आणि बाह्य वापराच्या १४ स्टेरॉइडांची शेड्यूल एच मधली सवलत काढून घेतली. ही मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा त्याचा अर्थ. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयएडीव्हीएलने, स्टेरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध त्याआधीपासून स्वतंत्र कृतिदल नेमून पाठपुरावा केला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात काही मलमंही होती. तरी ट्यूब मागण्याची सवय गेलेली नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं, शेजारच्या दुकानात ट्यूब मिळते असं सांगत असतं, आणि नाही म्हणायला जीव धजत नाही. पण नाहीच म्हणायला हवं. ‘दादा, ही ट्यूब दोन दिवस खाज दाबते आणि महिनाभर रोग वाढवते, मी तुम्हाला नीट बरं करणारी देतो,’ इतकं शांतपणे सांगितलं की दहातले बरेच जण ऐकतात, आणि ऐकणारे पुढे तुमच्याकडेच येतात.

आपल्याकडचं गजकर्ण गेल्या दहा-बारा वर्षांत एवढं चिवट का झालं, याचंही काही उत्तर मिळालेलं आहे. जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या त्वचेतून मिळालेल्या बुरशीचा अभ्यास करून २०२० मध्ये तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव दिलं. या बुरशीच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे एकेकाळचं हुकमी औषध चालत नाही. टर्बिनाफिन बुरशीतल्या ज्या विकरावर घाव घालतं, त्याची जनुकीय घडणच बदललेली आहे. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांमध्ये ही बुरशी सापडल्याची नोंद अमेरिकेच्या सीडीसीने केली. त्यांतली एक बांगलादेशात जाऊन आली होती, दुसरी कुठेच गेलेली नव्हती. म्हणून ‘मागच्या वेळी अमुक गोळीने बरं झालं होतं’ हा हिशेब आता धरून चालत नाही. तसंच आठ दिवसांत गजकर्ण जाईल असं आश्वासनही कुणाला देऊ नये.

ट्यूबवरची नावं वाचायची सवय पेशंटलाही लावता येते. मराठीत सांगायचं तर शेवट ‘सोन’ असलेली बहुतेक नावं स्टेरॉइडची: बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, डेक्सामेथासोन, मोमेटासोन. त्यात न बसणारी तीन लक्षात ठेवा: क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन. यांतलं काही असेल तर ती ट्यूब गजकर्णाची नाही. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, किटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, सर्टाकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची औषधं. आणि एक खबरदारी: एकाच ब्रँडच्या नावापुढे एखादं अक्षर वाढलं की आतलं औषध बदललेलं असतं. त्यामुळे नाव ओळखीचं आहे म्हणून पेटी न वाचता देऊ नका.

आता ओळखायचं कसं. ताजं, औषध न लावलेलं गजकर्ण ओळखायला अवघड नाही. गोलसर लाल चट्टा, काठ किंचित उंच आणि बारीक पुटकुळ्यांचा, काठावर कोंडा, मधला भाग त्यामानाने मोकळा, आणि खाज. दर काही दिवसांनी चट्टा बाहेरच्या बाजूने वाढतो. पुरुषांत जांघ आणि मांडीची आतली बाजू, बायकांत कमरेला परकराच्या नाडीखाली, छातीच्या खालच्या घडीत, दोघांतही नितंब आणि काख, या नेहमीच्या जागा. घामाने चोळवटलेल्या मांड्यांनाही आग होते, पण तिथे असा काठ नसतो आणि दोन-चार दिवस कोरडं ठेवलं की ती शमते. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरला चालत गेलेल्या माणसांत हे खूप दिसतं, त्यांना बुरशीचं औषध लागेलच असं नाही.

बघायला लाजेची जागा असते, हे विसरू नका. अनेकदा पेशंट स्वतः येत नाही, बायको नवऱ्यासाठी किंवा आई मुलीसाठी ट्यूब न्यायला येते. अशा वेळी चट्टा न पाहता औषध देण्यापेक्षा घरी जाऊन मोबाइलवर फोटो काढून आणायला सांगावं. दुकानात गर्दी असेल तर पेशंटला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलावं. विचारायचे प्रश्न थोडे आहेत: किती दिवस झाले, घरात आणखी कुणाला आहे का, साखर आहे का, बाई असेल तर दिवस गेलेत का किंवा बाळाला दूध पाजते का, आणि बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत. मधुमेह तपासलेला नसेल आणि गजकर्ण परत परत येत असेल, तर एकदा साखर तपासायला सुचवावं.

गजकर्णासारखी दिसणारी, पण गजकर्ण नसलेली दुखणी काउंटरवर रोज येतात. त्यात सगळ्यात महत्त्वाचा कुष्ठरोग. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा आहे, पण खाज नाही, कोंडा नाही, तिथे घाम येत नाही, आणि हलक्या हाताने कापूस फिरवला तर पेशंटला तो नीट जाणवत नाही, अशा वेळी कोणतीही ट्यूब देऊ नका. त्याला सरकारी दवाखान्यात पाठवा. कुष्ठरोगावरचे बहुविध औषधोपचार सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात आणि वेळेत सुरू झाले तर हातापायांचं अपंगत्व टळतं. मलम लावत काढलेले सहा महिने इथे फार महागात पडतात. ‘खाजतं का?’ हा साधा प्रश्न म्हणून इतका मोलाचा आहे.

इसबाचा नाण्याएवढा गोल चट्टा गजकर्णासारखा वाटतो, पण तो मध्येही तितकाच लाल आणि ओलसर असतो, मधला भाग मोकळा होत नाही. सोरायसिसची खपली जाड, पांढुरकी असते आणि कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा तिला आवडते. शिबं पाठीवर, मानेवर, छातीवर फिकट किंवा तपकिरी ठिपक्यांनी येतात. तीही बुरशीच, पण वेगळी, आणि त्यांचे उपचार वेगळे. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती येते, रात्री जास्त खाजते आणि घरातले बहुतेक सगळे एकाच वेळी खाजवत असतात. अंगावर आधी एक मोठा चट्टा आणि आठवड्याभराने पाठीवर-छातीवर अनेक छोटे अंडाकृती चट्टे आले, तर ते बहुधा पिटिरियासिस रोझिया असतं आणि ते दीड-दोन महिन्यांत आपोआप जातं. हे सगळं तुम्ही ठामपणे ओळखावं अशी अपेक्षा नाही. शंका आली की थांबावं, एवढंच.

डोक्यातलं आणि नखांतलं गजकर्ण मात्र काउंटरवर सोडवायचं नाहीच. लहान मुलाच्या डोक्यात कोंडा असलेला चट्टा, त्यात तुटलेल्या केसांचे खुंट, असं दिसलं तर मलमाने काही होणार नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात उतरलेली असते. तिला पोटातून औषध लागतं. (चाई पडली असेल तर तिथली त्वचा गुळगुळीत असते, कोंडा नसतो.) कधी डोक्यावर मऊ, पू भरल्यासारखी सूज येते आणि घरचे ती फोडायला निघतात. ती फोडू नये, त्वचेच्या डॉक्टरांकडे न्यावं. उशीर झाला तर तिथले केस कायमचे जातात. नखाचंही तसंच: नख जाड, पिवळट, ठिसूळ झालं असेल तर महिनोन्‌महिने गोळ्या लागतात, आणि ते तसंच ठेवलं तर अंगावरचं गजकर्ण तिथूनच पुन्हा पुन्हा येतं.

मग काउंटरवर काय द्यायचं? निरोगी मोठ्या माणसाला, एक-दोन ताजे छोटे चट्टे, आधी स्टेरॉइड लावलेलं नाही, अशी गोष्ट असेल तर निव्वळ बुरशीविरोधी मलम. क्लोट्रिमाझोल १ टक्का दिवसातून दोनदा, किंवा ल्युलिकोनाझोल १ टक्का दिवसातून एकदा. क्लोट्रिमाझोल जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतं, आणि परवडत नाही म्हणून मध्येच सोडण्यापेक्षा स्वस्त मलम पूर्ण काळ लावणं कितीतरी बरं. निस्टॅटिन देऊ नका, ते कॅन्डिडावर चालतं, गजकर्णाच्या बुरशीवर चालत नाही.

मलम कसं लावायचं हे सांगण्यात जेवढा वेळ जाईल तेवढा जाऊ द्या, कारण बहुतेक अपयश इथेच आहे. पेशंट चट्ट्याच्या मधोमध, जिथे खाज जास्त तिथे, थेंबभर चोळतो. बुरशी मात्र काठावर आणि काठाच्याही बाहेर पसरलेली असते. त्वचेच्या डॉक्टरांमध्ये ‘दोनाचा नियम’ म्हणून एक सूत्र आहे, ते पाठ करून ठेवावं: चट्ट्याच्या दोन सेंटिमीटर बाहेरपर्यंत, दिवसातून दोन वेळा (ल्युलिकोनाझोल असेल तर एकदाच), आणि चट्टा पूर्ण दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे. मलम बाहेरून आत लावत यायचं, म्हणजे बुरशी बोटाने पसरत नाही. आधी जागा धुऊन पूर्ण कोरडी करायची, नंतर हात साबणाने धुवायचे.

मापाचं असं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि ती दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. म्हणजे दोन तळहातांएवढे चट्टे असलेल्या माणसाला दिवसातून दोनदा लावायला रोज एक ग्रॅम लागतं, पंधरा ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपते. चार ते सहा आठवड्यांच्या उपचाराला तीन ट्यूब लागतील हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर पहिली ट्यूब संपली की औषध संपलं असं पेशंट समजतो. आणि एकच ट्यूब दोन महिने पुरली असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर ते औषध लागलंच नाही असं समजा.

मिक्स ट्यूब बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज आणि लाली वाढते. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट घाबरून जुन्या ट्यूबकडे वळतो. या दिवसांत खाजेसाठी सेटिरिझिनसारखी गोळी मदत करते, पण ती झोप आणते. रात्रपाळीत मागावर उभं राहणाऱ्याला, ट्रक किंवा रिक्षा चालवणाऱ्याला ती कामाआधी घेऊ नकोस असं बजावून सांगा. मागाचा धोटा आणि पट्टा झोपेतल्या हाताला माफ करत नाहीत.

आता आपल्या गावाचं बोलू. एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, आणि नळाला पाणी काही दिवसांआड येतं. मागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली बारा-बारा तास उभा राहणारा कामगार दिवसभर घामाच्या कपड्यांत असतो. विडी वळणाऱ्या बायका सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास एकाच बैठकीत बसतात, कंबर आणि मांड्यांच्या घड्या ओल्याच राहतात. त्यांना ‘दिवसातून दोनदा आंघोळ करा’ असं सांगून निघून जाणं सोपं आहे. पाणीच नसेल तर काय करायचं ते सांगायला हवं: संध्याकाळी ओल्या फडक्याने घड्या पुसून, कोरड्या सुती कापडाने टिपून, मग मलम. परकराची नाडी बारीक दोरीऐवजी रुंद पट्टीची आणि सैल. काम करताना मध्ये उठून पाच मिनिटं उभं राहणं. कमरेचा करगोटा आणि मनगटातले दोरे ओले राहतात आणि बुरशीला तिथे मुक्काम मिळतो. श्रद्धेचा विषय असल्याने हे नीट, मान ठेवून सांगावं: बरं होईपर्यंत काढून ठेवावा, किंवा नवा घालावा.

जीन्स आणि लेगिंग यांचं तरुणांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. घट्ट कृत्रिम कापडाखाली घाम सुकत नाही. निदान घरी असताना सैल सुती कपडे, एवढं तरी व्हावं.

टॉवेल आणि चादरी हा तर आपल्या गावाचा धंदाच. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, देशभर इथून टॉवेल जातात, आणि तरीही इथल्याच अनेक घरांत चार माणसांत एक टॉवेल असतो. गजकर्णाच्या घरात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा हवा. अंतर्वस्त्रं, टॉवेल, चादर हे बाकीच्या कपड्यांत मिसळू नये. त्वचेच्या कोंड्यातून बुरशी कपड्यांवर कित्येक महिने तग धरते. पाणी थोडं असेल तर सगळे कपडे अर्धवट धुण्यापेक्षा फक्त अंगाला लागणारे कपडे, कढत पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवून धुवावेत, उलटे करून उन्हात वाळवावेत आणि शिवणीवरून इस्त्री फिरवावी. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा. आणि घरात ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी. एकट्याचे केले तर पैसे वाया जातात. घरातल्या मांजराला, कुत्र्याला किंवा गोठ्यातल्या वासराला केस गेलेले चट्टे असतील, तर जनावरांच्या डॉक्टरांनाही दाखवायला हवं. त्यांच्यापासून येणारं गजकर्ण माणसाला होतं, विशेषतः मुलांना.

घरगुती उपायांबद्दल मला काळजी वाटते ती लसणाची आणि रॉकेलची. लसूण ठेचून रात्रभर बांधला की त्वचा भाजते, त्यावर फोड येतात, आणि मग खरं दुखणं काय होतं हेही ओळखता येत नाही. लिंबू, टूथपेस्ट, जंतुनाशक द्रव न मिसळता लावणं, हे सगळं त्याच माळेतलं. पावसाळ्यात उगवणारा टाकळा जुन्या वैद्यकात गजकर्णावर सांगितला आहे, संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात. पण त्याची पानं चोळून आजचं हे चिवट गजकर्ण जाईल या भरवशावर महिना घालवू नये. एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ नावाची एक पूड गजकर्णावर आपल्या भागात विकली जात असे. ती मुळात ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली, पोर्तुगीजांच्या मार्गाने गोव्यात आलेली. ती त्वचेची आग करी आणि कपड्यांना न निघणारे डाग पाडी. पुढे तिच्याच धर्तीवर १९१६ मध्ये जर्मनीत डिथ्रॅनॉल बनलं, आणि ते सोरायसिसवर फार उपयोगी ठरलं. एवढा जुना इतिहास इथे सांगितला, कारण गजकर्णावर जालीम काहीतरी चोळण्याची आपली सवय तितकीच जुनी आहे. त्वचा जाळल्याने बुरशी मरते असं नाही.

आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं, अशी माणसं बरीच असतात, आणि त्यांना पाठवण्यात कमीपणा नाही. चट्टे तळहातांच्या हिशेबात मावत नाहीत इतके पसरलेले. तोंडावर, डोक्यात, नखांत किंवा जननेंद्रियांवर आलेले. लहान मूल, गरोदर बाई, मधुमेही. महिनोन्‌महिने मिक्स ट्यूब लावलेला. पू आणि ताप असलेला. आणि दोन आठवडे नीट मलम लावूनही ज्याचा चट्टा कमी होण्याच्या वाटेला लागलेला नाही असा प्रत्येक जण. खाजगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्वचारोग विभाग आहे, १९६३ पासून हे महाविद्यालय गावाच्या सेवेत आहे. तिथे चट्ट्याच्या काठावरचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो. बुरशीचे तंतू दिसले की संशय उरत नाही. पाठवताना एका कागदावर लिहून द्या: कोणती ट्यूब, किती दिवस लावली, शेवटची कधी.

चिठ्ठी घेऊन तोच पेशंट परत तुमच्याकडे येतो तेव्हा तुमचं काम पुन्हा सुरू होतं, कारण आता पोटातल्या गोळ्या असतात. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायच्या. आम्लपित्ताची गोळी त्याच वेळी घेतली तर औषध नीट शोषलं जात नाही, आणि सोलापुरात पॅन्टोप्राझोल रिकाम्या पोटी रोज घेणारे किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. हृदय कमजोर असलेल्याला इट्राकोनाझोल धोक्याचं. कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन सोबत चालत नाही, अॅटोर्वास्टॅटिन आणि बीपीची अॅम्लोडिपिन चालू असेल तर डॉक्टरांना कळायला हवं. फ्लुकोनाझोल दिलेलं असेल आणि पेशंट मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेत असेल, तर साखर एकाएकी खाली येऊ शकते. टर्बिनाफिन असेल तर यकृताचा जुना आजार, कावीळ, दारू यांची चौकशी करा. डोक्यातल्या गजकर्णासाठी मुलाला ग्रिसिओफुल्विन दिलं असेल, तर ते दुधाबरोबर किंवा तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर द्यायला आईला सांगा. जुनी चिठ्ठी दाखवून ‘त्याच गोळ्या पुन्हा द्या’ म्हणणाऱ्याला गोळ्या देऊ नका, चिठ्ठी किती जुनी आहे ते आधी बघा.

आणि यांपैकी कशातही शंका आली, तर पेशंट समोर असतानाच चिठ्ठीवरच्या नंबरला फोन करा. डॉक्टर गोळी बदलतात, मात्रा बदलतात किंवा ‘तपासूनच दिलंय’ असं सांगतात. तोवर पेशंटला स्टुलावर बसवा, पाणी द्या, आणि त्याच्या घरी टॉवेल किती आहेत ते विचारा.